बिनतिखटाची जीभ

बानाबाई तिखट खात नसे.

हे वाक्य दुसऱ्या एखाद्या शहरात सांगितलं तर कुणी मानही वर करणार नाही. पण औरंगाबादच्या जाफर गेटच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जिथं हमाल पहिला घास ठेच्याचा घेतात आणि दुसरा भाकरीचा, तिथं ही बातमी होती. दुपारी धान्य चाळणाऱ्या बायका आपापली गठुडी सोडत तेव्हा असा ठसका उठे की, चाळीस पावलांवर गाडीला जुंपलेला बैलही शिंकत असे. त्या घोळक्यात बानाबाई ज्वारीची भाकरी, बिनमिरचीचं वरण आणि गुळाचा खडा घेऊन बसे. बघणाऱ्याला वाटावं, बाई नुकतीच बाळंतपणातून उठलीय. वय पन्नाशीच्या आसपास.

तिच्यासोबत चाळणीचं दुसरं टोक धरणारी मनकर्णाबाई म्हणायची, "हिच्या भाकरीवर माशीबी बसंना. आळणी हाय म्हणून."

बानाबाई हसायची आणि गूळ चघळायची. मिरची, लसूण, मिश्री, तंबाखू यांतलं काहीच तिनं चाळीस वर्षांत जिभेला लावलं नव्हतं. कारण ती जीभ तिची एकटीची नव्हती. आता ती मोंढ्यातल्या तीनशे माणसांच्या सहाशे डोळ्यांची होती. नेमकं सांगायचं तर पाचशे नव्याण्णव डोळ्यांची, कारण तीनशेंतला एक तिचा सख्खा भाऊ कडूबा, आणि त्याला डोळा एकच होता.

मोंढ्यात धान्य येतं म्हणजे नुसतं धान्य येत नाही. ज्वारीबरोबर कुसळ येतं, बाजरीबरोबर भुसा येतो, करडईबरोबर काटे येतात, आणि वारा या सगळ्यांचा दलाल असतो. पोतं ओतलं की दहातल्या एकाच्या डोळ्यात काहीतरी जाणार. मग तो माणूस डोळ्यावर पंजा धरून, ठेचकाळत, बानाबाईपुढं येऊन उकिडवा बसे. ती चाळणी खाली ठेवी. माठातल्या पाण्यानं तीनदा चूळ भरी. त्याची हनुवटी वर करी, दोन अंगठ्यांनी पापण्या फाकवी आणि म्हणे, "उजेडाकडं बघ. हालू नको, नायतर नाकात घालीन जीभ."

आणि मग जिभेचं टोक अगदी सुईसारखं करून ती ते बुबुळावरून फिरवी. एकदाच. दुसऱ्या क्षणी तिच्या अंगठ्याच्या नखावर ते कुसळ असे, पापणीच्या केसाएवढं. ते ती रोग्याला दाखवी, शाळेत पोराला निकाल दाखवतात तसं. एक डोळा माझाही त्या जिभेखालून गेलेला आहे. त्या काळी मी मोंढ्यामागच्या शाळेत मास्तर होतो आणि काकासाहेब आडत्यांच्या गादीवर फुकटचा चहा प्यायला रोज जात असे. त्या चहाची किंमत म्हणून एके दिवशी करडईचा काटा डोळ्यात गेला. जीभ लागली तेव्हा मी आधी शहारलो आणि मग एकदम सुटलो. अंगात आलेला देव उतरावा तसं हलकं वाटलं. मी हात जोडायला गेलो तर बाई खेकसली, "हात नाय जोडायचे. मूठभर दाणे टाका पाखरांना."

हा तिचा नेम. मोल घ्यायचं नाही, उपकार मानून घ्यायचे नाहीत, पाखरांना मूठभर दाणे. त्यामुळं मोंढ्यातल्या चिमण्या इतक्या लठ्ठ झाल्या होत्या की उडण्यापेक्षा चालत जाणं पसंत करत.

ही विद्या तिला आईकडून मिळाली होती. माणसं मूळची अजिंठ्याच्या बाजूची, मेंढरामागं फिरणारी. डोंगरावर पावसाळा सरला की कुसळी गवत पिकतं आणि चरणाऱ्या कोकरांच्या डोळ्यांत घुसतं. बानाबाईची आई, पुतळाबाई, ते जिभेनं काढायची आणि सातव्या वर्षी तिनं लेकीला पहिलं कोकरू धरून दिलं. म्हणजे बाईचे पहिले हजारभर रोगी मेंढरं. मनकर्णाबाई म्हणायची, "अन् मग हमाल. लई फरक नाय पडला."

पुतळाबाईनं आणखी एक नेम घालून दिला होता. जीभ लागलेल्या डोळ्याला पाच दिवस दुसऱ्या कुणाचा हात किंवा औषध लागू द्यायचं नाही. लागलं तर जिभेचा गुण जातो. मेंढरांच्या बाबतीत यात शहाणपण होतं. मेंढरांच्या वाडग्यात जो येई तो आपल्या खात्रीचा पाला कोकराच्या डोळ्यात पिळून जाई, आणि कोकरू कुसळानं नाही तर पाहुण्यांनी आंधळं होई. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, विधवा बानाबाई आणि तिचा धाकटा भाऊ शहरात आले, पण नेम मेंढरांचा होता हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तो माणसांना लागू झाला.

बहुतेकांचं बरं व्हायचं. ज्यांचं नाही व्हायचं ते दिसेनासे व्हायचे. मोंढ्यातला हमाल आठ दिवस आला नाही की लोक म्हणतात, गावाकडं गेला. आणि विषय संपतो.

कडूबाचा डावा डोळा देवीनं नेला होता, चौथ्या वर्षी. उरलेल्या उजव्यावर त्यानं चाळीस वर्षं काढली. अंगानं असा की काकासाहेबांच्या गादीच्या दारातून त्याला जरा तिरपं होऊन आत यावं लागे. पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचा. दोन डोळ्यांचे लोकही त्या वीतभर रुंदीच्या फळीवर देवाचं नाव घेत. कडूबा गाणं म्हणे. "मला निम्माच मोंढा दिसतो," तो म्हणायचा, "म्हणून काम निम्मंच वाटतं." लग्न झालं नव्हतं. बहीण भाकरी करी, तो तिखट वेगळं वाटून घेई, आणि चुलीपाशी दोघांची याच्यावरून रोज जुंपे. फळी दिसतेय तोवर या दोघांची चूल पेटणार होती, आणि फळी त्या एका डोळ्याला दिसत होती. एवढा सरळ हिशेब होता.

एक्याऐंशी सालच्या फाल्गुनात नवी ज्वारी आली. कडूबा चाळणीवर पोतं ओतत होता, वारा फिरला, आणि त्यानं पोतं सोडून डोळा धरला.

"आक्का."

बानाबाईनं चूळ भरली, अंगठे लावले, जीभ फिरवली. नखावर कुसळ आलं. सवयीनं तिनं ते पुढं धरलं. "हे बघ."

"कशानं बघू?" कडूबा म्हणाला. "हाय तो डोळा तू अंगठ्याखाली धरलायस."

चाळणाऱ्या बायकांची सगळी रांग हसली. कडूबानं पाखरांना दाणे टाकले आणि पुढचं पोतं उचललं.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल होता. तिसऱ्या दिवशी त्याला उजेड सोसेना. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं ते कपाळावरून खाली ओढलं आणि त्याच्या फटीतून बघत पोती वाहिली. बानाबाईनं दुपारी त्याला पुन्हा खाली बसवलं. "बारीक काय राहिलं असंल," म्हणाली, आणि पुन्हा जीभ फिरवली. या वेळी नखावर काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी बुबुळावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

काकासाहेब गादीवरून उठून आले. "बानाबाई, टांगा सांगतो. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ने त्याला. तिथं डोळ्यांचे डॉक्टर आहेत."

"उद्या पाच दिवस व्हत्यात," बानाबाई म्हणाली.

मनकर्णाबाई म्हणाली, "आगं, नेम ठेव बाजूला. एकच हाय त्याला."

"आईचा नेम हाय."

ती हे हट्टानं म्हणाली नाही. घाबरून म्हणाली. आजूबाजूला वीस-पंचवीस हमाल उभे होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवरून ती जीभ फिरलेली होती. सख्खा भाऊच जर चौथ्या दिवशी डॉक्टरकडं गेला तर त्या सगळ्यांनी काय समजायचं? बानाबाईनं काय समजायचं? चाळीस वर्षं बिनतिखटाची कशासाठी काढली?

तिची ही अडचण कडूबानं ओळखली. "दुखत नाय तेवढं," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाण्याची धार लागली होती. "पाच व्हऊ द्या."

मी तिथंच चहा पीत बसलो होतो. मी एक विनोद केला. लोक हसले. तो इथं सांगत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कडूबा पोतं घेऊन फळीवर चढला, तीन पावलं गेला आणि चौथं त्यानं हवेत टाकलं. तो पडला, पोतं फुटलं, ज्वारी रस्ताभर झाली. तो उठून बसला आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपत म्हणाला, "फळी कुणी सरकवली?"

फळी जागेवर होती.

पुढचं मला मनकर्णाबाईनं सांगितलं. ती टांग्यातून सोबत गेली होती आणि नंतरही रोज डबा पोचवत होती. घाटीत डोळ्यांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, हातात छोटी बॅटरी घेऊन. त्यांनी विचारलं, "डोळ्यात कधी गेलं?"

"आजच. सकाळी," कडूबा म्हणाला.

त्यांनी झोत टाकला, वाकून पाहिलं. "हे आजचं नाही. कुणी काही घातलं का यात? दूध, मध, पाला? जीभ लावली कुणी?"

"नाय. माझ्या तोंडाला कोण जीभ लावंल, बाई? देवीचे वण बघा."

बानाबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. "मी लावली," ती म्हणाली. "दोनदा. पाच दिवस झाले. खोटं बोलायलाय तो."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बानाबाईला बरं वाटलं असतं, असं मनकर्णाबाईचं मत. त्यांनी फक्त कागदावर लिहून घेतलं. मग डोळ्यात औषध टाकून तो बधिर केला, ठिपक्यावरचा कण खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिला आणि बानाबाईला म्हणाल्या, "बघा."

बानाबाईनं नळीला डोळा लावला. बारीक सुतं, एकमेकांत गुंतलेली.

"बुरशी आहे. भिजलेल्या पोत्यावर येते ना, तशीच. ती त्याच्या डोळ्यात वाढतेय."

"माझ्या जिभेनं गेली का आत?"

"ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा कुसळाबरोबरच गेली. जिभेनं जखम आणखी चिघळली असेल. पण पहिल्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं डोळा धुऊन, न चोळता, इथं आणलं असतं तर बहुतेक वाचवता आला असता. पाच दिवस कुठं होता हा?"

"माझ्याजवळ," बानाबाई म्हणाली.

दर तासाला थेंब घालायचे होते, दिवसरात्र. बानाबाईला घड्याळ कळत नव्हतं. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा डोक्यावर आला की थेंब, एवढं ती शिकली, आणि उरलेला तास त्या काट्याकडं बघत बसली. पापणीला बोट न लावता थेंब कसा सोडायचा, बाटलीचं तोंड डोळ्याला कसं लागू द्यायचं नाही, आधी साबणानं हात का धुवायचे, हेही ती शिकली. आठवड्यात एकही थेंब चुकला नाही. शेजारच्या खाटेवरचा रामकिसन नावाचा म्हातारा, ज्याचा मोतीबिंदू काढला होता, तिला गिरणीचा भोंगा म्हणू लागला.

याच रामकिसननं घोळ केला. तो म्हणाला, "रोज सकाळी बोटं दाखवत्यात बघ. ज्याला बोटं दिसत नाय त्याचा डोळाच काढून टाकत्यात."

तसं नव्हतं. पण वॉर्डात डॉक्टरांपेक्षा शेजारच्या खाटेवर विश्वास जास्त असतो.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून हात वर करत. "किती बोटं?" पहिले दिवस कडूबानं नीट सांगितली. मग त्या जवळ येऊ लागल्या. मग हातभर अंतरावर. आठव्या दिवशी कडूबा गप्प राहिला, आणि बानाबाईनं घोंगडीखाली हात घालून त्याच्या पायाचा अंगठा तीनदा दाबला.

"तीन," कडूबा म्हणाला.

नवव्या दिवशी दोन. दहाव्या दिवशी चार. वॉर्डात चैतन्य पसरलं. रामकिसन म्हणाला, "देवानं ऐकलं." अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मूठ वर केली. नुसती मूठ. बानाबाईचा हात घोंगडीखाली थबकला, कारण शून्य कसं दाबायचं हे दोघांनी ठरवलंच नव्हतं.

"किती?"

कडूबा वाट बघत राहिला. मग फार आदबीनं म्हणाला, "जरा थांबा, बाई. पाय झोपलाय."

डॉक्टरीणबाईंनी घोंगडी उचलली. बहिणीचा हात अंगठ्यावर होता. खाटेभोवती कुणी हसलं नाही.

"किती दिवस चाललंय?"

"तीन," बानाबाई म्हणाली.

"मी या बोटांवरून औषध ठरवते, बाई. तीन दिवस मी तुमच्या भावाच्या डोळ्यावर नाही, त्याच्या अंगठ्यावर उपचार केले."

त्या दिवशीच त्यांनी औषध बदललं. ते तीन दिवस आधी बदललं असतं तर काय झालं असतं, हे बानाबाईनं विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. महिन्याअखेरीला बुरशी मेली. डोळा काढावा लागला नाही. पण बुबुळावर सगळीकडं पांढरं फूल पसरलं होतं. सकाळ झाली की कडूबाला कळायचं, दिवस मावळला की कळायचं. मधलं काही नाही.

चैत्रात तो मोंढ्यात परत आला. आता त्याचं काम पोत्यांची तोंडं शिवणं. दाभणात सुतळी ओवून द्यायची बानाबाईनं, आणि त्यानं बोटांनी चाचपत टाके घालायचे. टाके सरळ येत. "डोळे असून तुम्ही असं शिवून दाखवा," तो हमालांना म्हणे, पण गाणं म्हणत नसे.

आठवडाभर बानाबाईकडं कुणी डोळा घेऊन आलं नाही. मग एक आला. मग पूर्वीसारखेच सगळे येऊ लागले. तिला कुणी बोल लावला नाही. "तुझ्या जिभेचा काय दोष? त्याचं नशीबच तसं," म्हणत आणि हनुवटी वर करून बसत. ती म्हणे, घाटीला जा. ते म्हणत, जातो, आधी तू एकदा बघ. आणि ती बघे. सवय वाईट. आठवड्यात तिघांचे डोळे तिनं बघितले, आणि प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी शोधत मोंढाभर फिरली, लाल झालाय का म्हणून.

तिच्या डोक्यात एक नाव अडकलं होतं. कारभारी. लासूर स्टेशनचा हमाल. तीन वर्षांपूर्वी तिनं त्याच्या डोळ्यातलं बाजरीचं भूस काढलं होतं, आणि चार दिवसांनी तो गावाकडं गेला होता. तिनं त्याच बाजूच्या पुंजाराम हमालाला सांगितलं, "गावी गेलास की बघ, कसा हाय त्यो."

पुंजाराम सोमवारी परतला. चाळणीपाशी येऊन म्हणाला, "भेटला की. बरा हाय. एक डोळा गेला, फूल पडलं. आता हमाली जमंना, बाजारात कांदे निवडतो." मग आठवून, निरोप नीट पोचवायचा म्हणून तो पुढं म्हणाला, "तुला रामराम सांगितलाय. म्हणला, बानाबाईनं भूस मात्र लगेच काढलं व्हतं."

बानाबाईनं चाळणीवरून हात काढला नाही. त्या दिवशी मनकर्णाबाईनं तिला डिवचलं नाही, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गठुडी सुटत होती तेव्हा, बद्रीनाथ नावाचा हमाल डोळ्यावर पंजा धरून आला. गव्हाचं कुसळ. तो तिच्यापुढं उकिडवा बसला, हनुवटी वर केली, दुसरा डोळाही मिटून घेतला. निर्धास्त. बानाबाईनं त्याच्या पापण्या फाकवल्या. कुसळ दिसत होतं, पांढऱ्याच्या कडेला आडवं पडलेलं. एका फेऱ्यात निघालं असतं. मनकर्णाबाई सांगते, तिची जीभ दातांपर्यंत आली होती.

बानाबाईनं तोंड मिटलं. वळली, मनकर्णाबाईच्या भाकरीवरचा ठेचा चिमटीत नाही, बोटांनी बचकभर उचलला आणि तोंडात घातला.

हिरव्या मिरचीचा, लसणाचा, जाडं मीठ घातलेला ठेचा. चाळीस वर्षांच्या कोऱ्या जिभेवर. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं, ठसका लागला तो थांबेना. तरी ती चावत राहिली. घास थुंकला नाही. रांगेतल्या बायकांचे घास हातात राहिले.

कडूबाचा दाभण थांबला. "काय झालं? गप का झाले सगळे?"

"तुझी बहीण ठेचा खायलीय," मनकर्णाबाई म्हणाली.

कडूबाला ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं दाभण पोत्यात टोचून ठेवला, शेजारचा माठ चाचपला, तांब्या भरला आणि ठसक्याच्या दिशेनं पुढं धरला. दिशा जराशी चुकली होती. बानाबाईनं सरकून तांब्या घेतला. तोंडाला लावला नाही. बद्रीनाथची मान कलती केली आणि ते सगळं पाणी धार धरून त्याच्या डोळ्यात ओतलं.

"चोळू नको," ती ठसकत म्हणाली. "ऊठ. घाटीला चल."

"आत्ता? ट्रक उभाय, बानाबाई."

"आत्ता."

तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत, उचक्या देत, ती जाफर गेटच्या दिशेनं निघाली. पाखरांना दाणे टाकायचं कुणाला सुचलं नाही.

कडूबा रिकाम्या तांब्याची वाट बघत हात पुढं करून बसला होता. मनकर्णाबाईनं जमिनीवरचा तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

"प्याली का पाणी?" त्यानं विचारलं.

"प्याली," मनकर्णाबाई म्हणाली.